घटस्थापना ते फेब्रुवारी : पुण्यातल्या फ्लॅटमध्ये ट्युलिप कसे फुलवायचे

2021 मध्ये घटस्थापना 7 ऑक्टोबरला होती. फेब्रुवारीत घरात ट्युलिप बघायचे असतील, तर त्या तारखेपर्यंत कंद फ्रीजमध्ये गेलेले असले पाहिजेत. म्हणून हा लेख त्या वर्षी सप्टेंबरातच लिहिला. तुळस आणि मनी प्लँटपलीकडे ज्यांनी काही लावलेलं नाही, त्यांनाही जमेल अशा बेतानं लिहिलाय. मी स्वतः त्याच्या आदल्या हिवाळ्यात पहिल्यांदा लावले. वीस कंद आणले, त्यातले अकरा फुलले. बाकीचे नऊ का फुलले नाहीत, हे आता मला नीट कळलंय. तेही सांगते, कारण नवख्या माणसाच्या हातून नेमकी तीच चूक होते.

याची सुरुवात एप्रिल 2020 मध्ये झाली. तेव्हा कोविडच्या लॉकडाऊनमुळे आम्ही सगळे घरात होतो आणि गच्चीवर जायलाही सोसायटीनं बंदी केली होती. हॉलंडमधल्या लिसे गावची क्यूकेनहॉफ बाग त्या वर्षी लोकांसाठी उघडलीच नाही. तिथे दरवर्षी सुमारे 70 लाख कंद लावतात आणि बाग उघडी असते जेमतेम आठ आठवडे. श्रीनगरला दल सरोवराच्या काठी, झबरवानच्या पायथ्याशी आपली भारतातली मोठी ट्युलिप बाग आहे. तिथेही त्या वसंतात फुलं होती, पण बघायला माणसं नव्हती. बागेतले लोक मोबाईलवर व्हिडिओ काढून टाकत होते आणि मी रात्री जेवणं झाल्यावर ते बघत बसायचे. तेव्हाच ठरवलं की पुढच्या वसंतात निदान एक कुंडी आपल्या घरात असेल.

पुण्यात अडचण कसली?

अडचण एकाच गोष्टीची, ती म्हणजे थंडी. ट्युलिप मूळचा मध्य आशियातल्या डोंगरांमधला. तिथे हिवाळाभर कंद गार जमिनीत पडून असतो. त्या गारठ्यात त्याच्यातल्या पिठाची साखर होते आणि दांडा उंच वाढायची तयारी होते. फूल मात्र कंदाच्या पोटात आधीपासूनच असतं. चांगला कंद उभा चिरला तर मधोमध पिवळसर पानांच्या घडीत गव्हाच्या दाण्याएवढी कळी दिसते. ती बाहेर काढायला साधारण 12 ते 14 आठवडे, 9 अंशांच्या खालची सलग थंडी लागते. ही थंडी कमी पडली, तर फूल मातीलगत बुटकंच उमलतं किंवा आतल्या आत वाळून जातं.

आपल्याकडे डिसेंबर-जानेवारीत रात्री पारा 10-12 अंशांवर येतो, कधी त्याच्याही खाली जातो. पण दुपारी तो पुन्हा 29-30 ला टेकतो. दुपारच्या त्या चार तासांमुळे कंदाचा हिशेब बिघडतो. गावातही फरक आहेच. वेधशाळेचे रोजचे आकडे बघितलेत तर पाषाण आणि शिवाजीनगरपेक्षा मगरपट्टा, लोहगाव रात्री बहुतेक वेळा तीन-चार अंशांनी उबदार असतात. (शिवाजीनगरच्या त्या वेधशाळेला आपण अजून सिमला ऑफिसच म्हणतो, कारण 1928 साली ते कार्यालय शिमल्याहून इथे आलं. ट्युलिपसाठी त्यांनी थोडी तिकडची थंडीही आणली असती तर बरं झालं असतं, असं मला मनापासून वाटतं.) तेव्हा पाषाणला राहा की हडपसरला, कंदाचा हिवाळा फ्रीजमध्येच काढायचा.

कंद घेताना

कंद ऑनलाइन मागवणं सोपं. गर्दीत जायला नको आणि पार्सल दारात येतं. सप्टेंबर-ऑक्टोबरात नर्सऱ्यांकडे विक्री सुरू होते. घेताना दोन गोष्टी विचारा. पहिली, कंदाचा घेर किती? 12 सेंटिमीटर किंवा जास्त असलेलेच घ्या. छोटा कंद स्वस्त मिळतो, पण त्याच्यातून बहुधा नुसतं एक पान येतं. दुसरी, कंद आधीच गारवलेले आहेत का? गारवलेले असतील तर किती आठवडे, ते विचारून लिहून ठेवा. उरलेले आठवडे तुम्ही पुरे करायचे. नोव्हेंबर उजाडल्यावर हा लेख वाचत असाल, तर गारवलेलेच घ्या. साधे कंद तेव्हा फ्रीजमध्ये ठेवले तर लावायला फेब्रुवारी येईल आणि फूल उन्हाळ्यात सापडेल.

जातींची नावं भुरळ पाडणारी असतात. पहिल्या वर्षी ट्रायम्फ गटातल्या घ्या, त्या लवकर आणि सरळ फुलतात. पिवळा स्ट्राँग गोल्ड किंवा गडद गुलाबी बार्सिलोना ही त्यातली भरवशाची नावं. डार्विन हायब्रीड गटातला लाल अपेलडॉर्नही दणकट आहे. काळसर जांभळा क्वीन ऑफ नाइट फोटोत फार सुंदर दिसतो, पण तो उशिरा फुलणाऱ्यातला आहे. पुण्यात उशीर झाला की ऊन त्याला गाठतं.

पार्सल आलं की लगेच उघडा. कंद हाताला घट्ट आणि जड लागला पाहिजे, सोललेल्या चांगल्या कांद्यासारखा. वरचं तपकिरी साल सुटलेलं असेल तर हरकत नाही. मऊ पडलेला, दाबला की बोट आत जाणारा कंद बाजूला काढा. काहींच्या हाताला कंद हाताळल्यावर खाज सुटते, म्हणून हातमोजे घाला. आणि पिशवीवर ठळक अक्षरात लिहा, ‘खायचे नाहीत’. ते हुबेहूब छोट्या कांद्यासारखे दिसतात आणि स्वयंपाकघरात एकापेक्षा जास्त माणसं वावरत असतील तर ही चिठ्ठी हवीच. दुसऱ्या महायुद्धाच्या शेवटच्या हिवाळ्यात, 1944-45 मध्ये, हॉलंडमधल्या उपाशी लोकांनी हे कंद खाल्ले होते. ती वेळ वेगळी होती. घरात कुत्रा-मांजर असेल तर त्यांच्यापासूनही लांब ठेवा, त्यांना ते विषारी असतात.

फ्रीजमधले चौदा आठवडे

सगळ्यात महत्त्वाचा टप्पा हाच, आणि माझं चुकलं तेही इथेच.

मी वीस कंदांच्या दोन पिशव्या केल्या होत्या. एक भाजीच्या ड्रॉवरमध्ये ठेवली, दुसरी वरच्या कप्प्यात अगदी मागे, लोणच्याच्या बरण्यांच्या पलीकडे. ड्रॉवरमध्ये मी नेहमीप्रमाणे सफरचंदं ठेवत राहिले, दिवाळीच्या सुमारास सीताफळंही ठेवली. पिकणारं फळ इथिलीन नावाचा वायू सोडतं. कच्च्या केळ्यांत एक पिकलेलं केळं ठेवलं की बाकीची भराभर पिकतात, तो हाच वायू. कंदातल्या कळीला तो मारक ठरतो. बाहेरून काहीच कळत नाही. कंद टणक राहतो, वेळ झाली की कोंबही येतो, पानं फुटतात आणि तिथेच सगळं थांबतं. ड्रॉवरमधल्या दहांपैकी दोनच फुलले. न फुललेल्यातला एक मी शेवटी ब्लेडनं उभा चिरला. पानांच्या मधोमध कळी होती, जुन्या वर्तमानपत्राच्या रंगाची आणि तितकीच कोरडी. बोटांत धरली तर चुरा झाला. वरच्या कप्प्यातल्या दहांपैकी एक बुरशीनं गेला आणि नऊच्या नऊ फुलले.

त्यामुळे घरात एकच फ्रीज असेल, तर हे चौदा आठवडे फळांना टोपलीत बाहेर काढा. सफरचंद, पेरू, पपई, सीताफळ, टोमॅटो, सगळी बाहेर. हवा गार असते, टिकतात. पालेभाज्या, कोथिंबीर, गाजर यांचा काही त्रास नाही. घरच्यांना कारण आधीच सांगून ठेवा, नाहीतर कोणीतरी चांगुलपणानं पेरू आत ठेवून जातं.

कंद कागदी पिशवीत किंवा कांदे-लसूण येतात तसल्या जाळीच्या पिशवीत ठेवा. प्लास्टिकमध्ये घाम धरतो आणि ते कुजतात. मागच्या भिंतीला टेकवू नका, तिथे काही फ्रीजमध्ये बर्फ धरतो. फ्रीजरमध्ये तर कधीच नको, कंद गोठला की संपला. तापमान 4 ते 8 अंशांच्या दरम्यान असलं म्हणजे पुरे. दर रविवारी पिशवी काढून कंद हातात घेऊन बघा. हिरवट-निळी बुरशी वरवर दिसली तर कोरड्या फडक्यानं पुसा, मऊ पडलेला कंद फेकून द्या. जानेवारीच्या सुमारास टोकाला कोंब डोकावू लागेल, त्याला घाबरू नका.

तारखांचा हिशेब असा. 7 ऑक्टोबरला ठेवलेत तर चौदा आठवडे 13 जानेवारीला भरतात, म्हणजे संक्रांतीच्या आदल्या दिवशी. भोगीच्या भाजीसोबत कुंडी भरायची, एवढं लक्षात ठेवलंत तरी चालेल. 2020 मध्ये अधिक महिन्यामुळे नवरात्र उशिरा, 17 ऑक्टोबरला बसलं आणि मीही तोच मुहूर्त धरला. लावायला 23 जानेवारी उजाडली, फुलं फेब्रुवारी संपता संपता आली आणि दुपारच्या उन्हानं त्यांचं आयुष्य दोन दिवसांनी तरी कमी केलं. कंद हातात लवकर आले तर घटस्थापनेचीही वाट बघू नका.

कुंडी भरणं

मातीची कुंडी घ्या, प्लास्टिकची नको. माठातलं पाणी ज्या कारणानं गार राहतं, त्याच कारणानं मातीच्या कुंडीतली मुळं गार राहतात. आठ इंची कुंडीत पाच-सहा कंद बसतात, एकमेकांना चिकटू न देता जवळजवळ. माती, कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) आणि जाड वाळू सारख्या प्रमाणात घ्या. तळाला भोक हवं आणि त्यावर खापराचा तुकडा. खत घालायचं कारण नाही, कंद आपली शिदोरी बरोबर घेऊन आलेला असतो.

निमुळतं टोक वर, चपटा बूड खाली. बुडाशी साल जाड असेल तर हलक्या हातानं तेवढं काढा, मुळं लवकर सुटतात. कंदाची एक बाजू जरा सपाट असते, ती कुंडीच्या काठाकडे वळवा. पहिलं मोठं पान त्या बाजूला येतं आणि सगळी पानं बाहेरच्या अंगाला पडून मधे फुलं उठून दिसतात. वर कंदाच्या उंचीएवढी माती घाला आणि एकदा भरपूर पाणी द्या. त्यानंतर मात्र बोटाचं पहिलं पेर आत घालून बघायचं, कोरडं लागलं तरच पाणी. जास्त पाण्यानं जेवढे कंद मरतात, तेवढे तहानेनं मरत नाहीत.

पहिले दोन आठवडे कुंडी घरातल्या सगळ्यात गार, अंधाऱ्या कोपऱ्यात ठेवा. आमच्याकडे ती मोरीलगतच्या भिंतीपाशी फरशीवर होती. मुळं धरली आणि कोंब चार बोटं झाला की उत्तरेच्या किंवा पूर्वेच्या बाल्कनीत आणा. सकाळचं कोवळं ऊन चालतं. दहानंतरचं नको. दुपारी कुंडीभोवती ओलं गोणपाट गुंडाळा. मातीवर बर्फाचे खडे ठेवायचा सल्ला बरेच जण देतात, मला तो पटत नाही. अर्ध्या तासात वितळतो आणि माती नुसती चिकचिकीत होते. गोणपाट दिवसभर काम करतं.

बाल्कनीच नसेल तर काचेची बरणी घ्या. तळाशी धुतलेले खडे, त्यावर कंद, आणि पाणी कंदाच्या बुडाच्या किंचित खाली. कंद पाण्यात बुडाला की सडतो. ही बरणीसुद्धा आधी आठ-दहा दिवस फ्रीजमध्ये ठेवा, मग खिडकीत. पाणी दर तीन-चार दिवसांनी बदला. पांढरी मुळं खड्यांतून खाली उतरताना रोज दिसतात. लहान मुलांना हे कुंडीपेक्षा जास्त आवडतं.

फुलं आल्यावर

लावल्यापासून साधारण चार-पाच आठवड्यांत कळी वर येते. आधी हिरवी असते, मग एका सकाळी तिच्या कडेला रंग चढलेला दिसतो. त्या दिवशी कुंडी घरात आणा, जिथे तुम्ही सगळ्यात जास्त बसता तिथे. घरून काम करत असाल तर लॅपटॉपच्या शेजारी. फक्त पंख्याखाली ठेवू नका, आणि रात्री झोपताना बाल्कनीत गार हवेला ठेवून या. एवढं केलंत तर एक फूल पाच ते सात दिवस टिकतं. कोवळ्या दांड्यावर हिरवा मावा (बारीक किडे) दिसला तर पाण्यानं धुऊन टाका, औषध मारू नका.

आणि मग खुर्ची ओढून बसा, कारण हे फूल हलतं. उबेला उघडतं, गारठ्याला मिटतं. हे मला आईनं दाखवलं. फेब्रुवारी 2021 च्या शेवटी पुण्यात कोविडचे रुग्ण पुन्हा वाढायला लागले आणि त्यात आईला कोविड झाला. घरीच, मागच्या खोलीत ती दहा-बारा दिवस एकटी होती. मी पहिलं पिवळं फूल कापलं, स्टीलच्या पेल्यात ठेवलं आणि जेवणाच्या ताटाबरोबर दाराबाहेरच्या स्टुलावर ठेवून मागे झाले. संध्याकाळी तिचा फोन आला, “अगं, हे मिटलंय की! मेलं का?” मी म्हटलं, सकाळपर्यंत थांब. दुसऱ्या दिवशी साडेदहाला पुन्हा फोन. सहाच्या सहा पाकळ्या उघडल्या होत्या आणि आत तळाशी गडद पुंकेसर दिसत होते. त्यानंतर ती रोज वेळ लिहून ठेवायला लागली, किती वाजता उघडलं, किती वाजता मिटलं, ताप किती होता. एकाच कागदावर. तो कागद माझ्याकडे आहे.

आणखी एक गोष्ट मला त्या दिवसांतच कळली. आईचा वास पार गेला होता. चहाचा वास येत नव्हता, उदबत्तीचा येत नव्हता. शेजारच्या काकूंनी दाराला मोगऱ्याचा गजरा अडकवला, तो तिनं नाकाशी धरला आणि रडली. ट्युलिपच्या बहुतेक जातींना वास नसतोच. ते सगळं डोळ्यांसाठी असतं, त्यामुळे तिच्यापर्यंत ते फूल पूर्ण पोचलं. घरात कोणी आजारातून उठत असेल आणि वास गेलेला असेल, तर मी आधी ट्युलिपच सुचवेन.

कंदांचा खटाटोप नको असेल तर

कापलेली फुलं आणा. जानेवारी ते मार्चच्या दरम्यान शहरातल्या मोठ्या फुलवाल्यांकडे ती मिळतात. आधी फोन करून विचारा आणि घरपोच मागवा. घेताना कळी घट्ट मिटलेली, पण रंग दिसायला लागलेला असावा. उमललेलं फूल घेतलंत तर दोन दिवसांचेच मानकरी व्हाल.

घरी आल्यावर दांडे खालून बोटभर तिरके कापा. सगळी जुडी वर्तमानपत्रात घट्ट गुंडाळून दोन तास गार पाण्यात उभी ठेवा, वाकलेले दांडे सरळ होतात. मग उंच भांड्यात तीन बोटं गार पाणी घालून ठेवा, भांडं दांड्याच्या निम्म्या उंचीचं तरी हवं. आमच्याकडे आजीचा पितळी तांब्या यासाठी अगदी बेताचा निघाला. पाणी रोज बदला, साखर-ॲस्पिरिनचे उपाय करत बसू नका. कापल्यावरही ट्युलिपचा दांडा वाढत राहतो, दोन-तीन दिवसांत चांगला दोन बोटं, आणि उजेडाकडे वळतो. सकाळ-संध्याकाळ तांब्या अर्धा फिरवला की सरळ राहतात. मला स्वतःला वळलेलेच आवडतात, मी फिरवत नाही. फळांची टोपली मात्र इथेही शेजारी नको.

फुलं गेल्यावर

पुण्यात तोच कंद पुढच्या वर्षी पुन्हा फुलेल अशी आशा धरू नका. पानं पिवळी पडेपर्यंत कंदाला गार, लांब वसंत लागतो. मार्चच्या उन्हात ती पंधरा दिवसांत करपतात आणि कंद पोसला जात नाही. मी सगळे काढून खताच्या बादलीत टाकले. वाईट वाटलं, पण दर वर्षी नवे आणायचे हे धरूनच चालावं.

कुंडी रिकामी ठेवू नका. त्याच मातीत दोन मुठी गांडूळखत मिसळून मार्च-एप्रिलमध्ये निशिगंधाचे कंद लावा. त्याला फ्रीज नको, गोणपाट नको, आपलं ऊन त्याला मानवतं. मी एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात लावले. जुलैत पहिला दांडा आला, तोवर आईला थोडा थोडा वास यायला लागला होता. रात्री ती बाल्कनीचं दार उघडून उभी राहिली आणि म्हणाली, “आला. अगदी लांबून, पण आला.”